‘बुकस्मार्ट’ सुटा करून बघायचा कसा: जिगरी दोस्तांची शाळा संपतानाची कॉमेडी लिहिणाऱ्यांसाठी

एकांकिका नाहीतर शॉर्टफिल्म लिहायला बसलेल्या पोरापोरींचा एक विषय ठरलेला असतो, दोन जिगरी दोस्त, शाळा संपतेय, शेवटची रात्र, धमाल आणि मग डोळ्यात पाणी. लिहून झालं की होतं काय, पहिली पाच पानं नुसती टवाळकी, सहाव्या पानावर कुठूनतरी भांडण उगवतं आणि आठव्या पानावर मिठी. वाचणाऱ्याला हसू पण येत नाही आणि रडू पण येत नाही. यावर मला माहिती असलेला सगळ्यात बरा इलाज म्हणजे लिहिणं बाजूला ठेवायचं आणि एकच पिक्चर तीनदा बघायचा, वही पेन घेऊन. तो पिक्चर म्हणजे ऑलिव्हिया वाइल्डने दिग्दर्शित केलेला पहिला सिनेमा, २०१९ चा ‘बुकस्मार्ट’. मॉली आणि ॲमी या दोन अभ्यासू मैत्रिणी शाळेच्या शेवटच्या समारंभाच्या आदल्या रात्री पहिल्यांदाच पार्टी करायला निघतात, त्याची गोष्ट.

‘सुपरबॅड’ का नाही, असं कोणीतरी विचारणारच. माझ्या मते ‘सुपरबॅड’ (२००७) जास्त हसवतो, वादच नाही. सेथ रोगन आणि इव्हन गोल्डबर्ग यांनी तो तेरा-चौदा वर्षांचे असताना लिहायला घेतला होता, हिरोंची नावं पण स्वतःचीच ठेवलीत, सेथ आणि इव्हन. पण त्याची गंमत बरीचशी जोना हिल आणि मायकल सेरा यांच्या बोलण्याच्या खटक्यात आहे आणि तो खटका कागदावरून शिकता येत नाही. ‘बुकस्मार्ट’चे सांधे दिसतात. कुठली गोष्ट कुठे पेरली, कुठे उगवली, ते बोट ठेवून दाखवता येतं. (आणि गंमत म्हणजे यातली मॉली झालेली बीनी फेल्डस्टाइन ही जोना हिलची सख्खी बहीण.) मधेमधे ‘सुपरबॅड’ची आठवण काढेनच.

पुढे अख्खी गोष्ट सांगितलीय, शेवटासकट. पिक्चर बघितला नसेल तर आधी बघून या. जेमतेम पावणेदोन तासांचा आहे.

पायरी १: तिथले नियम आधी समजून घ्या

ही पायरी सगळे गाळतात आणि मग अर्धे जोक डोक्यावरून जातात. अमेरिकेत हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी, म्हणजे शाळा संपते तेव्हा पोरं साधारण अठराची असतात. बारावी झाल्यावर गाऊन-टोपी घालून समारंभ होतो, पहिल्या नंबरचा मुलगा किंवा मुलगी भाषण करते आणि मग चांगल्या कॉलेजात नंबर लागलेले बरेचजण दुसऱ्या शहरात, कधी देशाच्या दुसऱ्या टोकाला राहायला जातात. म्हणजे ताटातुटीची तारीख कॅलेंडरवर आधीच छापलेली असते, लेखकाला ती ओढूनताणून आणावी लागत नाही. बहुतेक राज्यांत सोळाव्या वर्षी गाडी चालवता येते पण दारू मात्र एकविसाव्या वर्षापर्यंत विकत मिळत नाही, १९८४ च्या कायद्यानंतर देशभर हेच वय झालं. अठराव्या वर्षी मत देता येतं आणि बियर घेता येत नाही, या फटीत ‘सुपरबॅड’ अख्खा उभा आहे, तो हवाईचा खोटा लायसन्स, त्यावर नुसतं एकच नाव, मॅकलव्हिन.

तिसरा नियम आपल्याकडच्या प्रेक्षकाला सगळ्यात जास्त अडतो. तिकडे नामांकित कॉलेजचं ॲडमिशन एका परीक्षेच्या मार्कांवर होत नाही. मार्क लागतात पण निबंध, खेळ, शिफारसपत्रं, बाकीचे उद्योग असं सगळं बघतात. आपण कटऑफ आणि मेरिट लिस्टमध्ये वाढलेलो, त्यामुळे मॉलीला जे वाटतं तेच आपल्यालाही वाटत असतं, की मजा केली म्हणजे मार्क गेले. पिक्चर नेमका तिथेच तिला पकडतो.

पायरी २: पहिल्यांदा बघताना वही बंद

दोघांनी मिळून बघा, जमलं तर ज्याच्याबरोबर लिहिणार आहात त्याच्याचबरोबर. शिव्या, सेक्सचे विनोद, नशा सगळं आहे, अमेरिकेत याला आर रेटिंग आहे, त्यामुळे हॉलमध्ये सगळे बसलेले असताना लावू नका, बाकी तुमची मर्जी. पिक्चर संपल्यावर लगेच, फोन हातात घ्यायच्या आधी, दोघांनी वेगवेगळ्या कागदावर कुठे हसलात ते आठवून लिहायचं. प्रसंग नको, माणसाचं नाव लिहायचं. माझी पैज आहे की दोघांच्या कागदावर जिजी असणार आणि मुख्याध्यापक असणार, म्हणजे मॉली-ॲमीच्या बाहेरची माणसं. याचं कारण चौथ्या पायरीत येतं.

पायरी ३: बाथरूमचा सीन, एकेक ओळ थांबवून

दुसऱ्यांदा बघताना इथपासून वही उघडा. सुरुवातीचा भाग म्हणजे नुसता पाया आहे. मॉली खोलीत ध्यानाला बसलीय, कानात टेप तिला सांगतेय की तू बाकीच्यांपेक्षा भारी आहेस, मग ॲमी गाडी घेऊन येते आणि दोघी रस्त्यावरच नाचायला लागतात. न बोलता मैत्री कळते. तिथे दोन मिनिटं थांबलात तरी पुरे.

खरा माल शाळेच्या बाथरूममध्ये आहे. मॉली आत बसलीय, दारावर कोणीतरी खरडलेलं आहे आणि ही बाई पेन काढून त्यातलं व्याकरण दुरुस्त करतेय. कोणाला सांगावं लागत नाही की ही हुशार आहे, खडूस आहे आणि एकटी आहे, तिन्ही गोष्टी एका पेनात आल्या. बाहेर तिघंजण तिच्याबद्दल बोलतायत, ती ऐकते, दार उघडून बाहेर येते आणि तोऱ्यात सुनावते की मी येलला (तिकडचं नावाजलेलं विद्यापीठ) चाललेय, तुम्ही बसा इथेच. आता उत्तरांचा क्रम लिहून घ्या. जिला सगळे ट्रिपल ए म्हणून चिडवतात (ट्रिपल ए ही तिकडची रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांना मदत करणारी संस्था, हिने गाडीत पोरांना ‘मदत’ केली असा टोमणा) ती मुलगी म्हणते मी पण येललाच. टॅनर म्हणतो मी स्टॅनफर्डला. थिओ, जो एकाच वर्गात गटांगळ्या खाल्लेला म्हणून माहितीये, तो म्हणतो मी कॉलेजला नाही चाललो, गुगलमध्ये कोडिंगची नोकरी लागलीय.

क्रम बदलून बघा, वहीत खरंच बदलून लिहा. थिओ आधी आला तर सीन पडतो. पहिलं उत्तर मॉलीच्या बरोबरीचं आहे, दुसरं तेवढंच तगडं, तिसरं तिच्या हिशोबात बसतच नाही. आणि तिघांपैकी कोणी तिच्यावर ओरडत नाही. ते तिच्या अभ्यासाची खिल्ली उडवत नाहीत, उलट म्हणतात की आम्ही पण अभ्यास केला, फक्त तेवढंच नाही केलं. इथे मॉलीचं चार वर्षांचं गणित चुकलंय आणि ते दुरुस्त करायला हातात एक रात्र आहे, उद्या समारंभ. पिक्चर सुरू झाला.

इथेच थांबून तुमच्या गोष्टीसाठी एक वाक्य लिहा: माझ्या पात्राला इतकी वर्षं काय वाटत होतं जे खोटं निघालं? “त्याला मैत्रीची किंमत कळत नव्हती” वगैरे चालणार नाही, ते मोघम आहे. “तिला वाटत होतं की बाकीच्यांनी पार्ट्या केल्या म्हणून ते मागे राहणार” हे चालेल, कारण ते एका सीनमध्ये पुराव्यानिशी पाडता येतं. हे वाक्य जमेपर्यंत पुढच्या पायरीवर जाऊ नका, चार दिवस लागले तर लागू देत.

पायरी ४: प्रत्येक पोराला दोनदा बघा

या लेखात एवढी एकच पायरी केलीत तरी मला चालेल. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे प्रत्येक पात्र पहिल्यांदा कसं दिसलं ते, उजवीकडे नंतर कसं निघालं ते.

जॅरेड: डावीकडे लिहा पैशाचा माज करणारा, लोकांनी जवळ यावं म्हणून पैसे उडवणारा, याटवर पार्टी ठेवलीय, येणाऱ्यांसाठी भेटवस्तूंच्या पिशव्या ठेवल्यात आणि आलं कोणीच नाही, फक्त जिजी. त्या सीनला हसू येतं आणि लगेच पोटात कसंतरी होतं. उजवीकडे लिहा, नंतर मॉलीशी शांतपणे बोलताना कळतं की याला विमानं डिझाइन करायचीत, संगीत नाटकं करायचीत. त्याला हे कधी कोणी विचारलंच नव्हतं, मॉलीने तर नाहीच.

ट्रिपल ए: डावीकडे ते घाणेरडं टोपणनाव, जे मॉली पण बिनदिक्कत वापरते. उजवीकडे रात्री उशिरा मॉलीला घरी सोडणारी तीच, गाडी चालवताना सांगते की पोरं म्हणतात ते ठीक, मुलीपण म्हणतात त्याचं लागतं. मॉलीकडे उत्तर नसतं. माझ्या दृष्टीने आख्ख्या पिक्चरमधला सगळ्यात चांगला लिहिलेला सीन हाच आहे आणि तो भांडणाच्या सीनपेक्षा निम्मा पण नाही.

होप, वर्गातलीच एक मुलगी: डावीकडे तुसडी, सुंदर, तोंडावर अपमान करणारी. उजवीकडे काय होतं ते तुम्हीच भरा. मुख्याध्यापक: डावीकडे या दोघींना ऑफिसमधून कटवायला बघणारा, उजवीकडे त्यांनी बोलावलेल्या टॅक्सीचा ड्रायव्हर, कारण पगारात भागत नाही, आणि शिवाय एक डिटेक्टिव्ह कादंबरी लिहितोय. शिक्षिका मिस फाइन, नाटकवाले जॉर्ज आणि ॲलन, सगळे भरा. रकाना भरत गेलात की दिसतं, रात्र जसजशी पुढे जाते तसतसं मॉलीने ठोकलेलं प्रत्येक लेबल निघतं. पार्ट्या, नशा, टॅक्सी हे सगळं या कामाला जुंपलेलं आहे, आणि बाजूची माणसं लक्षात राहतात ती पण याचमुळे.

दोन अपवाद तेवढे वेगळ्या शाईने लिहा. एक जिजी, म्हणजे बिली लोर्ड. ती याटवरून पाण्यात उडी मारते आणि पुढच्या पार्टीला या दोघींच्या आधी हजर, कशी पोचली कोणी सांगत नाही, कधीच सांगत नाहीत. सगळ्या पात्रांना पाठीमागची बाजू दिली तर पिक्चर भाषण होतो, म्हणून एक पात्र नियमाबाहेर मोकळं सोडलंय. तुमच्याही गोष्टीत असा एकजण ठेवा, फक्त एकच. दुसरा पिझ्झावाला. बाकी सगळे वाटले त्यापेक्षा बरे निघतात, हा उलटा. मॉली आणि ॲमी पार्टीचा पत्ता काढायला केसांनी तोंड झाकून त्याच्या गाडीत घुसून धमकावतात आणि हा त्यांनाच समजावतो की अनोळखी माणसाच्या गाडीत असं शिरू नये, किती धोका आहे. नंतर पोलीस स्टेशनात त्याचं चित्र लावलेलं दिसतं, तो खुनी असतो. आणि पार्टीत पोलीस आल्यावर पकडली गेलेली ॲमी हीच माहिती देऊन लॉकअपमधून सुटते. एक जोक, उलटा टाकलेला, आणि वर गोष्टीचं कुलूप पण त्यानेच उघडलं. असं एक पात्र जमलं तर बाकी लिखाण थोडं ढिलं असलं तरी खपतं.

पायरी ५: अडचण कुठून आली ते तपासा

वर्गातल्या सगळ्यांच्या लाडक्या निकच्या पार्टीला जायचंय, पत्ता माहिती नाही. बस्स, एवढीच अडचण. कागदावर फालतू वाटते ना? पण पत्ता का माहिती नाही, तर वर्गातल्या कोणाशी बोलणंच नाही, फोन करावा असं कोणी नाही. अडचण पात्राच्या खोडीतून आलीय. त्यातून याट, त्यातून मर्डर मिस्ट्रीची पार्टी, शेवटी पार्टीच्या व्हिडिओत पिझ्झाचे खोके दिसतात म्हणून पिझ्झावाल्याला गाठायचं. ‘सुपरबॅड’मध्ये पण हेच, दारू आणून देण्याचं कबूल करून बसलेत कारण त्याशिवाय आपल्याला कोण बोलावणार असं वाटतं.

तुमच्या स्क्रिप्टमधली अडचण बघा. पाऊस पडला, गाडी पंक्चर झाली, मोबाइल हरवला, यातलं काही असेल तर खोडा. हीच अडचण दुसऱ्या कुठल्या पात्रावर आली असती तरी गोष्ट तशीच राहिली असती का? राहिली असती तर अडचण बदला.

पायरी ६: भांडणाची पेरणी मागे जाऊन शोधा

भांडणाच्या सीनपासून उलटं मागे जा. ॲमीला रायन नावाची मुलगी आवडते, ॲमी पूलमध्ये उतरते, पाण्याखालून पोहत पोहत तिला शोधते आणि दिसतं काय, तर रायन निकला किस करतेय. संवाद शून्य, नुसतं गाणं आणि पाणी. ती बाहेर येते, मॉलीला म्हणते घरी चल, मॉली म्हणते नाही. दोघींचा एक परवलीचा शब्द आहे, मलाला, मलाला युसुफजाईवरून. एकीने तो उच्चारला की दुसरीने प्रश्न न विचारता साथ द्यायची, हे आपल्याला आधीच कळलेलं असतं. ॲमी तो वापरते आणि मॉली ऐकत नाही. दुखतं ते इथे, पुढची वाक्यं नंतर येतात. त्या वाक्यांत कळतं की ॲमी आफ्रिकेतल्या बोट्सवानाला फक्त उन्हाळ्यापुरती नाही, वर्षभरासाठी चाललीय आणि तिने हे लपवलं.

आता हा सीन आवाज बंद करून बघा. मग आवाज लावून. कट नाही, एकाच शॉटमध्ये चाललंय, मधेच दोघींचे आवाज विरतात, नुसते हलणारे ओठ, आणि भोवती वर्गातली पोरं मोबाइल वर करून रेकॉर्ड करतायत. शब्द जिथे सगळ्यात जास्त बोचणार तिथेच काढून घेतलेत. नवीन लेखक भांडणात सगळं बोलून टाकतो, दोन पानं. तुम्ही तुमचं भांडण आधी पूर्ण लिहा आणि मग मधली सहा-सात वाक्यं कापून बघा काय होतं.

बाहुल्यांचा तो स्टॉप-मोशनचा तुकडा, स्ट्रॉबेरीतल्या नशेने दोघींना आपण प्लॅस्टिकच्या बाहुल्या झालोय असं वाटतं तो, मजेशीर आहे पण शिकण्यासारखं फार नाही, पुढे चला.

पायरी ७: जिथे पटत नाही तिथे खूण करा

कौतुक करत बसलात तर नक्कल होते. मला दोन ठिकाणी खटकतं. एक, ॲमीला अटक होते ती जवळपास गंमत म्हणून सुटते, रात्र लॉकअपमध्ये आणि सकाळी समारंभ, गाऊन घालून धावतपळत. लॉस एंजेलिसच्या एका बऱ्या घरातल्या गोऱ्या मुलीचं असं होऊ शकेल, सगळ्यांचं नाही होणार, आणि पिक्चर त्याकडे बघत नाही. दुसरं, पैसा. मॉली साध्या बिल्डिंगमधल्या फ्लॅटमध्ये राहते हे दिसतं पण त्यावर कोणी अवाक्षर काढत नाही, येलची फी कोण भरणार हा प्रश्नच नाही. तुमच्या खुणा वेगळ्या असतील. त्या खुणांमधूनच तुमची गोष्ट निघेल.

पायरी ८: आता लिहा

दहा पानं, जास्त नको. पार्टी उचलून आणू नका. लातूरच्या नाहीतर चिपळूणच्या बारावीच्या पोरांना पालक गावाला गेलेला बंगला आणि पूल कुठून मिळणार? पण ठरलेली ताटातूट आपल्याकडेही आहे, कॅप राउंडची यादी लागते आणि एकाला पुणे मिळतं, दुसऱ्याला गावातच राहावं लागतं, रात्रीच्या ट्रॅव्हल्सचं तिकीट काढलेलं असतं. मुदत ती धरा. आणि अडचण, समजा एका गच्चीवरच्या वाढदिवसाला जायचंय, ग्रुपवर लोकेशन टाकलंय पण हे दोघं त्या ग्रुपमध्येच नाहीत आणि विचारायचं तर ज्याची चार वर्षं टर उडवली त्यालाच विचारावं लागणार. एवढ्यावर पहिली तीन पानं निघतात.

पात्रं पाचच ठेवा, दोघं आणि बाकी तिघं, आणि त्या तिघांना दोनदोनदा आणा. पालक दाखवायचे तर ‘बुकस्मार्ट’मधले ॲमीचे आईवडील बघून घ्या, लिसा कुड्रो आणि विल फोर्टे, दोन-तीन सीनमध्येच आहेत, ते समजतात की मॉली आणि ॲमी एकमेकींच्या प्रेमात आहेत आणि फार समजूतदारपणे वागायला जातात. पालक दुष्ट नाहीत, फक्त चुकीच्या गोष्टीला पाठिंबा देतायत, विनोद त्यातून येतो. आपल्या लिखाणातले ओरडणारे बाबा आणि डब्याची काळजी करणारी आई थोडी सुट्टीवर पाठवा.

पहिला खर्डा झाला की लगेच फेकू नका आणि लगेच कोणाला दाखवूही नका. ‘बुकस्मार्ट’ची मूळ स्क्रिप्ट एमिली हॅल्परन आणि सारा हॅस्किन्स यांची, २००९ पासून फिरत होती, मग सुझाना फोगलने ती बदलली, मग केटी सिल्बरमनने पुन्हा, तेव्हा कुठे २०१९ ला पडद्यावर आली. लेखक म्हणून चार नावं लागलीत. तुम्हाला दहा वर्षं थांबायला कोणी सांगत नाही, पण दोन वेगळ्या माणसांकडून फिरवून घ्या, त्यातली एक मुलगी असू द्या जर दोन्ही हिरो मुलगे असतील तर.

नट ठरले की शेवटचं काम. बीनी फेल्डस्टाइन आणि ॲमी झालेली केटलिन डेव्हर शूटिंगच्या आधी एकाच घरात रूममेट म्हणून राहिल्या होत्या, त्यांचं एकमेकींच्या बोलण्यावर बोलणं पडतं ते तिथून आलंय. तुमच्या दोघांना घर देणं परवडणार नाही, पण तालमीच्या आधी एक आठवडा रोज संध्याकाळी टपरीवर बसवा, स्क्रिप्ट न देता. ते जे आपसात बोलतात ते बाजूला बसून टिपा आणि तुमच्या पहिल्या पानावरचे संवाद खोडून तिथे ते घाला.